बाग विकून बिट्सला पाठवायचं का?

पत्र असं आहे, थोडं छाटून देतेय.

"माझी मुलगी यंदा बारावी झाली. बिट्सॅटमध्ये (बिट्सची प्रवेश परीक्षा) तिला बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसला एमएससी केमिस्ट्री लागलीय, वर्षभराने त्याला जोडून बीई मिळतं म्हणतात. इकडे सीईटीचे पर्सेंटाइल बघता पुण्याच्या सीओईपीत (सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज) ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) मिळेलच असं क्लासचे सर म्हणतात. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, वय ५१. घरात वर्षाला साधारण ११ लाख येतात, शिवाय दीड एकर द्राक्षबाग आहे. बिट्सचा फी, हॉस्टेल, मेस सगळा खर्च धरून वर्षाला ७ लाख, म्हणजे चार वर्षांचे २८ लाख होतात. सीओईपीला राहण्याखाण्यासकट वर्षाला सव्वादोन लाख. मिस्टर म्हणतात अर्धी बाग विकू, थोडे जीपीएफमधून काढू, उरलेलं कर्ज. लेकीचं शिक्षण हीच खरी जमीन असं त्यांचं म्हणणं. दीर म्हणतात मुलीवर एवढा खर्च कशाला, उद्या लग्न होऊन जाणार. ओळखीतल्या एका मुलाला बिट्समधून ४० लाखांचं पॅकेज लागल्याचं गावभर झालंय. मुलीला गोव्यालाच जायचंय. धाकटा मुलगा आठवीत आहे. काय करू?" - एक आई, तासगाव

ताई, आधी दिरांचा मुद्दा निकालात काढू, म्हणजे पुढचं मोकळेपणी बोलता येईल. हाच प्रश्न पाच वर्षांनी धाकट्याच्या बाबतीत आला आणि तेव्हा बाग विकायला कुणी हरकत घेणार नसेल, तर आजही घ्यायची नाही, संपला विषय. मी खाली जे काही खर्चाबद्दल लिहिणार आहे ते मुलगा असता तरी अक्षर न बदलता लिहिलं असतं. त्यामुळे कृपा करून हे उत्तर दिरांना दाखवून "बघा, ताईपण तेच म्हणतात" असं होऊ देऊ नका, कारण मी ते म्हणत नाहीये.

आता तुमच्या हिशोबाकडे येते, कारण त्यात एक मोठी गडबड आहे. तुम्ही चार वर्षं धरलीत. एमएससी लागली असेल तर ती चार वर्षं नसतात ताई, पाच असतात. बिट्सची ही ड्युअल डिग्री आहे, म्हणजे आधी एमएससीला प्रवेश, मग पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर, म्हणजे दहापैकी सरासरी गुणांवर, बीईची ब्रँच मिळते आणि दोन्ही डिग्र्या मिळून पाच वर्षांत पूर्ण होतात. तेव्हा तुमच्याच आकड्याने ७ पंचे ३५ लाख, आणि वर्षागणिक फी वाढते ती वेगळीच. सीओईपीचे सव्वादोन चोक ९ लाख. म्हणजे फरक १९ लाखांचा नाही, २६ लाखांचा आहे. त्यात आणखी एक गोष्ट कुणी धरत नाही, ती अशी की सीओईपीतून बाहेर पडलेली मुलगी एक वर्ष आधी कमवायला लागते. समजा अगदी साधी ७ लाखांची नोकरी धरली तरी ते वर्ष सीओईपीच्या बाजूला जमा झालं पाहिजे. तर तुमच्या घरापुढचा खरा प्रश्न बत्तीस-तेहतीस लाखांचा आहे आणि तुम्ही १९ चा समजून रात्री जागताय.

बरं, ती बीईची ब्रँच कुठली मिळणार हे आज कुणालाच सांगता येत नाही. कॉम्प्युटर सायन्स मिळायला पहिल्या वर्षी सीजीपीए फार वर लागतो, साधारण नऊच्या घरात, आणि तो वर्षावर्षाला हलतो. त्या वर्गात बसलेली सगळीच मुलं हुशार असतात, बरीचशी राजस्थानातल्या कोटा शहरातून नाहीतर हैदराबादहून दोन-दोन वर्षं घासून आलेली असतात आणि सगळ्यांचा डोळा त्याच सीटवर असतो. ब्रँच मिळालीच नाही असं सहसा कुणाचं होत नाही, पण मिळेल ती घ्यावी लागते, मेकॅनिकल असो की केमिकल. आणि केमिस्ट्रीचे कोअर विषय तर करावेच लागतात, तेही इंजिनिअरिंगच्या विषयांच्या जोडीला. म्हणून तुमच्या लेकीला पहिला प्रश्न हा विचारा की तुला केमिस्ट्री आवडते का गं? आवडत असेल तर गोष्ट वेगळी, फार्मा, मटेरियल्स, पुढे रिसर्च, छान रस्ते आहेत. पण "बारावीत मार्क पडले पण परत तोंड बघायचं नाही" असं उत्तर आलं तर पाच वर्षं ऑर्गॅनिक करत बसणं, तेही वर्षाला ७ लाख भरून, हे काही मला पटत नाही. आणि उलट बाजूला काय आहे तर सीओईपीत ईएनटीसी, जी आज जवळपास हातात आहे. ईएनटीसीच्या मुलांना आयटी कंपन्याही बसू देतात आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्याही. तुम्ही जवळपास पक्की ब्रँच सोडून लॉटरीचं तिकीट घेताय, आणि तिकीट महाग आहे.

आता हे वाचून असं वाटू देऊ नका की मी बिट्सला नावं ठेवतेय. प्रायव्हेट म्हटलं की आपल्याकडे लगेच डोनेशन, मॅनेजमेंट कोटा, कुणाच्या तरी साहेबांचं कॉलेज हे डोळ्यासमोर येतं. बिट्स त्यातलं नाही. तिथे मॅनेजमेंट कोटा नाही, पैसे टाकून आत जाता येत नाही, बिट्सॅटचा स्कोअर हाच मुख्य दरवाजा, तेव्हा तुमच्या मुलीने जे मिळवलंय ते स्वतःच्या जिवावर मिळवलंय आणि त्याचं कौतुक घरात आधी करा, मग हिशोब काढा. तिथल्या काही गोष्टी खरंच चांगल्या आहेत. प्रॅक्टिस स्कूल नावाचा प्रकार आहे, त्यात दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात आणि मग शेवटच्या वर्षी एक अख्खं सेमिस्टर कंपनीत जाऊन काम करायचं असतं, आणि त्यातून बऱ्याच जणांची पुढची नोकरी लागते. विषय निवडायची मोकळीक भरपूर. हजेरीची सक्ती नाही, हे ऐकून मुलं खूश होतात आणि आईबाप घाबरतात, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आजूबाजूची मुलं. स्विगी काढणाऱ्यांपैकी दोघं बिट्सचे, रेडबस काढणारेही बिट्सचे, आपल्या पुण्याचे बाबा कल्याणीसुद्धा पिलानीचेच. सीनियर काहीतरी काढतोय, ज्युनियर त्यात रात्री जागून मदत करतोय, असं वातावरण असतं. ते विकत घेण्यासारखं आहे का, तर हो आहे, पण कितीला हा प्रश्न उरतोच.

मी काही वर्षं एका कंपनीकडून कॅम्पसला मुलं घ्यायला जायचे, तेव्हा ह्या नावाचं वजन नेमकं कुठे पडतं ते जवळून पाहिलंय. कंपनी कुठल्या कॉलेजात जाणार ह्याची यादी एचआर आधीच बनवतं, त्या यादीत कॉलेज नसेल तर मुलगा कितीही हुशार असो, त्याचा बायोडेटा आमच्यापर्यंत यायचाच नाही. ही दारातली अडचण खरी आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या कॉलेजातल्या मुलांना ती फार जाचते. पण एकदा दारातून आत आलं की एक्सेलमध्ये सीजीपीएचा फिल्टर लागतो, मग ऑनलाइन टेस्ट, मग समोरासमोर बसून "हा प्रोजेक्ट तू केलास ना, मग हा भाग असा का केलास" हे विचारायचं, आणि त्या खोलीत कॉलेजचं नाव कुणाच्या मदतीला यायचं नाही. दुसऱ्या नोकरीला तर कॉलेज बायोडेटाच्या तळाला गेलेलं असतं, आधीच्या कंपनीत काय केलंस एवढंच विचारतात. आता मुद्दा हा की सीओईपी त्या यादीत असतं. १८५४ साली सुरू झालेलं कॉलेज आहे, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालंय, विश्वेश्वरय्या तिथले विद्यार्थी. तिथल्या मुलांनी स्वतः बनवलेला स्वयम् नावाचा एक किलोचा उपग्रह इस्रोने २०१६ साली सोडला होता, आणि तो काही नुसता शोकेसमध्ये ठेवायचा प्रोजेक्ट नव्हता. तर तुमच्या मुलीला दोन्हीकडे दार उघडं आहे. काही परदेशी कंपन्या, काही फायनान्सवाल्या गोव्याला येतील आणि पुण्याला येणार नाहीत, हे मान्य, पण त्यातल्या बऱ्याच कॉम्प्युटरवाल्यांना आधी विचारतात.

तुमच्यापुढे बिट्स गोवा आणि जवळचं एखादं दोन लाख फीचं, प्लेसमेंट सेलच्या नावाखाली एक टेबल आणि एक सर असलेलं कॉलेज असा पर्याय असता ना, तर मी म्हणाले असते कर्ज काढा आणि पाठवा. म्हणून कुठलं कॉलेज "वर्थ इट" आहे हे नुसतं त्या कॉलेजकडे बघून कळत नाही, ते सोडलं तर हातात काय उरतं त्यावर आहे. हे मी फक्त अंदाजाने सांगत नाहीये. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर ह्या दोघांनी २००२ साली एक अभ्यास छापला होता, १९७६ ला कॉलेजात गेलेल्या मुलांचा. त्यांनी युक्ती अशी केली की नामांकित कॉलेजात प्रवेश मिळालेला असूनही जी मुलं साध्या कॉलेजात गेली त्यांची तुलना त्या नामांकित ठिकाणी गेलेल्यांशी केली. तर पुढे कमाईत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे जो हुशार आणि मेहनती होता तो कुठूनही वर आला. मात्र नंतर त्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा एक अपवाद ठळक दिसला, तो म्हणजे ज्यांचे आईवडील फार शिकलेले नव्हते अशी मुलं, आणि तिकडची कृष्णवर्णीय नि हिस्पॅनिक मुलं, त्यांना नामांकित कॉलेजाचा खरंच फायदा झाला, कारण उघड आहे, घरात ज्या ओळखीपाळखी नसतात त्या कॉलेज देतं. आणि २०२३ साली राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या डझनभर कॉलेजांनी सरासरी कमाई फारशी वाढत नाही, पण अगदी टोकाच्या श्रीमंत एक टक्क्यात जायची शक्यता चांगलीच वाढते. तिकडचं सगळं इकडे जसंच्या तसं लागू होत नाही, पण ह्यातून तुमच्यापुरतं एवढं घ्या की महागडं कॉलेज बहुतेकांना फार काही जादा देत नाही आणि थोड्यांना खूप जास्त देतं. मिस्टर शिक्षक असल्यामुळे घरात पुस्तकं आहेत, शिस्त आहे, पण कंपनीत कुणी ओळखीचं नाही, हे मी समजू शकते. ती ओळख पुण्यातही होईल, सीओईपीचे माजी विद्यार्थी पुण्यात पावलोपावली आहेत.

आता त्या ४० लाखांच्या पॅकेजबद्दल. तो मुलगा खोटं बोलत नसेल, पण गावात आकडा फिरतो तेव्हा त्याचे तुकडे कुणी सांगत नाही. त्यात मूळ पगार असतो, मग जॉइनिंग बोनस जो एकदाच मिळतो, मग कंपनीचे शेअर जे चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात आणि आधी सोडलं तर उरलेले जातात, मग पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा, सगळं एकत्र करून वर मोठ्या अक्षरात छापतात. आणि तो मुलगा कुठल्या ब्रँचचा, चार वर्षांपूर्वी लागला की यंदा, हेही विचारा, कारण २०२१-२२ ला कंपन्या मुलं अक्षरशः उचलत होत्या आणि पुढच्याच दोन वर्षांत हात आखडता घेतला.

सरासरी पॅकेज ह्या शब्दाला तर अजिबात भुलू नका. दहा मुलं आहेत, नऊ जणांना ८ लाख आणि एकाला ८० लाख, तर सरासरी निघते १५ लाख २० हजार, जी दहातल्या एकालाही मिळालेली नाही. म्हणून मीडियन विचारायचं, म्हणजे रांगेत उभं केलं तर मधल्या मुलाला किती. हे आकडे मिळतात बरं का, एनआयआरएफ ह्या केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या साइटवर त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजांनी दिलेली माहिती असते, किती मुलं पास झाली, किती प्लेस झाली, किती पुढे शिकायला गेली आणि मीडियन पगार किती. मिस्टरांना सांगा संध्याकाळी बसून दोन्ही कॉलेजांचं काढा. फक्त ते आकडे सगळ्या ब्रँचेसचे एकत्र असतात, केमिस्ट्री ड्युअलवाल्यांचे वेगळे मिळणार नाहीत, ते त्या मुलांनाच विचारावे लागतील.

कर्जाचा आकडा मांडून बघू. समजा बागेचं आणि जीपीएफचं धरून १५ लाख उभे केलेत आणि २० लाख कर्ज घेतलंत, दर वर्षी ४ लाख असं पाच वर्षं, व्याज १० टक्के. शैक्षणिक कर्जात शिकत असताना आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही, ते साध्या दराने साठत राहतं. हप्ता सुरू व्हायच्या वेळी ८ लाख व्याज साठलेलं असेल, म्हणजे २८ लाखांवर हप्ता. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला जवळपास ३७ हजार. एकूण परतफेड ४४ लाखांच्या वर जाते. आता मुलीला १२ लाखांची नोकरी लागली, जी चांगलीच म्हणायची, तर हातात महिन्याला ऐंशी हजारांच्या आसपास येतात. बंगळुरूला खोली, खाणं, येणंजाणं ह्याला तीस-पस्तीस गेले, ३७ हप्त्याला गेले, आणि तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी पोरीच्या हातात काय राहिलं बघा. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर बिट्सची नोकरी सीओईपीच्या नोकरीपेक्षा वर्षाला पाच-सहा लाखांनी मोठी असली पाहिजे, आणि एक वर्ष नाही, दहाही वर्षं, तेव्हा कुठे फक्त हप्त्याची बरोबरी होते, बागेचे पैसे अजून त्यात धरलेच नाहीत. केमिस्ट्री आणि मिळेल ती ब्रँच एवढ्या भांडवलावर हे होईल का? काही जणींचं होतं. पण मी माझ्या बहिणीला ह्यावर पैज लावायला सांगणार नाही.

आणि तारखा बघितल्यात का? मिस्टर आज ५१, निवृत्ती ५८ ला, म्हणजे सात वर्षं. पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष सूट धरली तर हप्ता सुरू होतो तेव्हा त्यांची नोकरी उरलेली असते जेमतेम वर्षभर. सहकर्जदार म्हणून सही त्यांची असणार. मधेच, मुलगी शेवटचं वर्ष संपवत असेल नेमकं तेव्हा, धाकट्याची बारावी होऊन त्याची फी दारात उभी राहणार. त्यावेळी अर्धी बाग गेलेली, जीपीएफ रिकामा. तेव्हा त्याला काय सांगणार, की ताईच्या वेळी होतं, आता नाही? भावाबहिणीत ह्या गोष्टी आयुष्यभर राहतात हो, तोंडाने कुणी बोलत नाही एवढंच.

बागेबद्दल मी दुरून काय बोलणार, तासगावात राहून द्राक्षबाग म्हणजे काय ते तुम्हालाच जास्त माहीत. अवकाळीत एखादं वर्ष हातचं जातं आणि बेदाण्याला दर लागला की तीच बाग घर सावरते. मला फक्त एवढंच दिसतंय की पगार थांबल्यावर तुमच्या दोघांकडे पेन्शनशिवाय उत्पन्नाचं दुसरं साधन तेवढंच आहे. आणि बँकेकडे जाल तेव्हा हेही कळेल की साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर साधारणपणे तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बहुतेक बँका तयार नसतात, राहतं घर नाहीतर एफडी मागतात. काही बँका निवडक कॉलेजांच्या यादीतल्या मुलांना बिनतारण मोठं कर्ज देतात, त्या यादीत बिट्स आहे का आणि कितीपर्यंत, हे तुमच्या शाखेत लेखी विचारा. मुलींना बऱ्याच सरकारी बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात, ती आपणहून कुणी सांगत नाही, मागून घ्यायची. पीएम विद्यालक्ष्मी ह्या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेची व्याजसवलत तुम्हाला बसणार नाही, कारण ती ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे. व्याजावर इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते पण फक्त जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असाल तर.

जाता जाता इतर वाचकांसाठी, कारण हे विचारणारे मेसेज येणारच. जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे ज्यांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेशफेऱ्यांतून, प्रवेश घेतला तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत विद्यापीठांना आणि मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. तेव्हा ज्यांना हे बसतं त्यांच्यासाठी तर सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशी कॉलेजं आणि महागडी कॉलेजं ह्यांतला फरक आणखी मोठा होतो. ताई, तुमचं उत्पन्न वर आहे म्हणून तुम्हाला नाही.

माझं मत विचारलंत तर सीओईपी. स्पष्ट सांगते, आडपडदा नाही.

पण मत बदलू शकतं आणि कशाने बदलेल तेही सांगते. बिट्सच्या पुढच्या इटरेशनमध्ये, म्हणजे प्रवेशफेरीत, सीट वर सरकून थेट बीई इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर मिळालं, तर ते चार वर्षांचं होतं आणि ब्रँचची लॉटरी संपते, मग पुन्हा बसून विचार करू. किंवा तिकडे मेरिट-कम-नीड शिष्यवृत्ती आहे, आईवडिलांचं उत्पन्न आणि मुलीचा सीजीपीए बघून फीत सवलत देतात, ती चांगल्यापैकी मिळाली आणि कर्ज दहा-बारा लाखांच्या आत बसलं, बाग न विकता, तर मीच म्हणेन मिरजेहून गोवा एक्सप्रेसचं वास्कोचं तिकीट काढा. मात्र ती शिष्यवृत्ती टिकवायला सीजीपीए टिकवावा लागतो, एकदा मिळाली की कायमची असं नाही. आणि तिसरं म्हणजे मुलीला खरंच केमिस्ट्रीतच पुढे जायचं असेल, तर हा सगळा नोकरीचा हिशोबच बाजूला ठेवावा लागेल, पण मग मी आयसर ह्या सरकारी विज्ञान संस्थेकडेही बघितलं का असं विचारेन, पुण्यातच आहे.

मुलीशी बोलताना मात्र "आपल्याला परवडत नाही" एवढ्यावर गुंडाळू नका. अठरा वर्षांची आहे, तिला हा सगळा कागद समोर ठेवून दाखवा, ३७ हजारांचा हप्ता तिच्या पगारातून जाणार आहे, तुमच्या नाही, तेव्हा मत तिचंही लागेल. गोव्यालाच का, हे शांतपणे विचारा. बऱ्याचदा आत वेगळंच निघतं, वर्गातली मैत्रीण जातेय, किंवा इंग्रजी सुधारेल असं वाटतंय, किंवा घरापासून लांब जायचंय. लांब जायची इच्छा अगदी रास्त आहे आणि पुणंही तासगावहून पुरेसं लांब आहे. इंग्रजीचं म्हणाल तर पहिल्या सेमिस्टरला सगळ्यांचीच दांडी उडते, दिवाळीनंतर जमायला लागतं, दोन्हीकडे. शिवाय तिला केमिस्ट्री ड्युअल करणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन मुलींशी फोनवर बोलू द्या, तुम्ही जवळ बसू नका. तिने विचारायचं ते असं की तुला बीई कुठलं मिळालं, तुझ्या बॅचमधल्या किती जणींना हवं ते मिळालं, कंपन्या आल्या तेव्हा किती ठिकाणी तुला बसायला दिलं, आणि आज परत निवडायचं असतं तर काय केलं असतंस. लिंक्डइनवर ह्या मुलीमुलांची नावं सहज सापडतात आणि बहुतेक जण मनमोकळं उत्तर देतात. हेच सीओईपीच्या ईएनटीसीवाल्यांनाही विचारायचं, तिकडेही सगळं गोडगोड नसणार, जुन्या लॅब, सबमिशनची मारामार, हे ऐकून घेऊ दे तिला.

आता तारखांचं. बिट्सची फी भरायची मुदत आधी येते आणि सीईटीचे कॅप राउंड नंतर, त्यामुळे बरेच पालक दोन्हीकडे पाय ठेवतात, त्यात काही चूक नाही. फक्त बिट्सला पैसे भरायच्या आधी प्रवेश रद्द केला तर कुठल्या तारखेपर्यंत किती परत मिळतात ते त्यांच्या साइटवरून छापून घ्या, आणि मूळ दाखला, मार्कशीट हे सगळं एकीकडे अडकवून बसू नका, ओरिजिनल द्यायची वेळ आलीच तर पोच घ्या. कॅपचा ऑप्शन फॉर्म मुलीने स्वतः भरायचा, नेट कॅफेवाल्याने नाही, कारण पसंतीक्रम एकदा लॉक झाला आणि वरची सीट लागली की फ्रीझचे, म्हणजे तीच सीट घ्यावी लागण्याचे, नियम लागतात.

आणि जीपीएफचा अर्ज मिस्टरांनी आधीच टाकला असेल तर तो तूर्त मागे घ्यायला सांगा. सीओईपीचं हॉस्टेल पहिल्या वर्षी सगळ्यांनाच मिळतं असं नाही, नाहीच मिळालं तर शिवाजीनगर, नारायण पेठेत कॉट बेसिसवर जागा बघावी लागेल, डिपॉझिट आणि दोन महिन्यांचं आगाऊ मागतात. तेवढे पैसे मात्र ऑगस्टच्या आधी बाजूला काढून ठेवा, आणि खोली बघायला तिला सोबत न्या.